कापलेली स्प्रिंग तपासायची कोणी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांवरील कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. त्यांत फटाके फोडणारे सायलेन्सर असतात, काळ्या काचा असतात, ‘दादा’ वाचता यावे अशा बेताने रंगवलेल्या नंबरप्लेट असतात. जे कानाला किंवा डोळ्यांना खुपते तेच पकडले जाते. मडगार्डच्या आतल्या अंधारात कापून ठेवलेली स्प्रिंग कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि आमच्या मते या सगळ्यांत धोक्याची तीच आहे. जुनी हॅचबॅक स्वस्तात घ्यायची, अलॉय आणि रुंद टायर चढवायचे आणि ‘जरा लो करून द्या’ म्हणत गाडी गॅरेजला लावायची, हे सांगली-मिरजेत आता नवीन राहिलेले नाही. गाडी खाली घेण्याला आमचा सरसकट विरोध नाही. पद्धतशीर केले तर गाडी वळणावर कमी झुकते, हेही मान्य. आमची तक्रार ग्राइंडरने स्प्रिंग कापून ती खाली घेण्याबद्दल आहे.

एक वेढा कापला की गाडी सव्वा इंच बसते, एवढाच हिशेब कापणारा करतो. पुढचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. समजा, मागच्या एका स्प्रिंगला सहा कामाचे वेढे आहेत. कामाचे म्हणजे दाबाखाली हलणारे. बैठकीवर, म्हणजे स्प्रिंगचे टोक ज्या वाटीत बसते तिच्यावर, टेकून राहिलेला भाग यात धरायचा नाही. सुटी असताना तिची उंची ३०० मिमी आणि कडकपणा मिलिमीटरला २ किलो, म्हणजे २ किलो ठेवले की ती १ मिमी दबते. रिकाम्या गाडीचे त्या कोपऱ्यावर २०० किलो वजन येते, म्हणून स्प्रिंग १०० मिमी दबून २०० वर थांबते. आता एक वेढा, म्हणजे ५० मिमी, कापला. सुटी उंची राहिली २५०. तार तीच, पण वेढे सहाचे पाच झाले, म्हणून कडकपणा त्याच प्रमाणात वाढून २.४ झाला. तेच २०० किलो आता तिला ८३ मिमी दाबतात आणि स्प्रिंग १६७ वर थांबते. गाडी ३३ मिमी खाली आली. इथपर्यंत गिऱ्हाईक खूश.

चाक वर उचलले जाऊन बंप स्टॉपरच्या रबराला टेकेपर्यंत मुळात ७५ मिमी मोकळी जागा होती असे धरू. त्यातले ३३ गेले, ४२ उरले. मागे तिघे बसले आणि डिकी भरली की प्रत्येक बाजूला ८० किलोची भर पडते. २.४ ने भागले की ३३ मिमी. शिल्लक ९. मूळ स्प्रिंगवर हेच वजन घेऊन ३५ मिमी शिल्लक राहिले असते. म्हणजे कडकपणा वाढला जेमतेम पाचवा हिस्सा, आणि भरलेल्या गाडीला खड्डा पचवायला लागणारी जागा गेली जवळजवळ पाऊण. दोन वेढे कापले तर कडकपणा दीडपट होतो, गाडी ६७ मिमी बसते आणि स्टॉपर रिकाम्या गाडीतच ८ मिमीवर येतो. मागे दोघे बसले की ती गाडी स्प्रिंगवर चालत नाही, रबरावर चालते. आकडे मॉडेलगणिक बदलतील, चाक आणि स्प्रिंग यांच्या लिव्हरेजनेही थोडा फरक पडेल. प्रमाण साधारण असेच राहते.

‘सस्पेन्शन मारते’ म्हणून गाडी परत आली की काही ठिकाणी स्टॉपरच काढून टाकतात. हा तर कहर आहे. मग शॉकअपचा पिस्टन खालच्या व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह तुटतो, पाठोपाठ सील जाते आणि तेल गळू लागते. पुढच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबात, माउंटिंगचे रबर फाटते, आणि बॉनेट उघडल्यावर दोन्ही कडांना जो गोल पत्रा दिसतो तो फुगतो किंवा त्याच्या कडेने बारीक चीर धरते. तो पत्रा बॉडीचाच भाग आहे. नट काढून नवा बसवता येत नाही.

याहून वाईट प्रकार चाक खाली लटकते तेव्हा होतो. वरच्याच उदाहरणात चाक पूर्ण लटकल्यावर वरच्या आणि खालच्या बैठकीत २६५ मिमी अंतर राहते असे धरा. मूळची ३०० ची स्प्रिंग तिथेही ३५ मिमी दाबलेली असते, म्हणून जागा सोडत नाही. कापलेली २५० ची स्प्रिंग तिथे १५ मिमी सैल पडते. गाडी जॅकवर घेतली की ती हाताने गोल फिरते. रस्त्यावर हीच अवस्था खोल खड्ड्यात येते, उंचवट्यावरून चाक सुटते तेव्हा येते, आणि रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटातल्या वळणांवर आतले चाक हलके होते तेव्हाही येते. चाक परत वर येताना स्प्रिंग बैठकीत मुकाट बसेलच असे नाही. ती कडेवर चढते आणि ‘टक्’ आवाज येऊ लागतो. हा आवाज लिंक रॉडचा समजून दोन-दोन लिंक रॉड बदलले जातात. कडेवर चढलेल्या स्प्रिंगची तार एकाच जागी सोसते, तिथला रंग उडतो, गंज धरतो आणि एक दिवस ती तुटते. पुढच्या स्ट्रटमध्ये तुटलेले टोक आणि टायरची आतली भिंत यांत फारसे अंतर नसते.

कापण्याच्या पद्धतीतही उतरंड आहे. सर्वांत घातक म्हणजे स्प्रिंग गाडीतच ठेवून गॅसने लाल करणे. वेढे आपोआप बसतात, उघडायचे काम वाचते, अर्ध्या तासात गाडी लो. स्प्रिंगचे पोलाद कडक करून मग साधारण ४०० ते ५०० अंशांना टेम्पर केलेले असते. त्या टेम्परवरच तिचा सगळा ताव असतो. दिवसाउजेडी पोलाद लाल दिसले म्हणजे ते ६०० च्या पुढे गेलेले आहे. तेवढ्या जागेचे पाणी उतरले. तो वेढा मऊ पडून रोज थोडा थोडा दबत राहतो, आणि मऊ व कडक भागांच्या सांध्यावर तडा जातो. दोन्ही बाजूंना ज्योत सारखी लागत नाही, त्यामुळे आठवड्याभरात गाडी एका अंगाला कलते. बारीक चकतीने थंड ठेवत कापणे त्यामानाने बरे, पण टोकाचे काय? मूळ टोक बैठकीच्या आकाराला जुळवून वळवलेले असते; मागच्या पुष्कळ स्प्रिंगांचा शेवटचा वेढा आत वळून लहान झालेला असतो. तो कापला की उरलेला सरळ वेढा त्या बैठकीत मावत नाही. शिवाय ‘अर्धाच वेढा काढा’ असा हिशोबी आग्रह धरणारे असतात. अर्धा काढला की टोक बैठकीत अर्ध्या फेऱ्याने उलटे येते. पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग मुद्दाम एका अंगाला किंचित झुकवून बनवलेली असते, दांड्यावर आडवा जोर पडू नये म्हणून. ती उलटी बसली की तोच जोर सीलवर येतो, आणि नवा शॉकअप लवकरच गळायला लागतो. दोष मात्र शॉकअपच्या कंपनीला.

वेढ्यांत रबराचे बफर कोंबून गाडी उंच करणाऱ्यांनीही हसू नये. तो बफर एक वेढा जाम करतो आणि तार त्याच्या कडेला तुटते.

नीट करायचे असेल तर त्या मॉडेलसाठीच बनवलेली लोअरिंग स्प्रिंग घ्यावी लागते. ती आखूड असते, पण नुसती आखूड नव्हे: तार जाड किंवा वेढ्यांची आखणी वेगळी, आणि एका टोकाला जवळजवळ गुंडाळलेले वेढे. हे वेढे गाडीच्या वजनाखाली मिटून जातात आणि चाक लटकले की उघडून स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. कापलेल्या स्प्रिंगमध्ये नेमकी हीच सोय नसते. बहुतेक किट गाडी २५ ते ४० मिमी खाली आणतात. सांगली जिल्ह्यातल्या रस्त्यांचा विचार करता २५ च्या पुढे जाऊ नये असे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, आणि ३० च्या पुढे काम घेत नाही.

पाना हातात घेण्याआधी मोजमाप करा. सपाट कोब्यावर, चारही टायरांत कंपनीने सांगितलेली हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत घ्या आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा निरुपयोगी. मग शॉकअपच्या दांड्यावरचे धूळरबर वर सरकवून दांड्याला, अगदी खाली, एक प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बसवा आणि नेहमीच्या रस्त्यावर नेहमीइतकी माणसे घेऊन चक्कर मारून या. टाय जिथपर्यंत सरकला तिथपर्यंत सस्पेन्शन दबले. तिथून स्टॉपरपर्यंत राहिलेली जागा हेच तुमचे भांडवल. ती २० मिमी असेल तर ३० मिमीची किट बसवून काय होणार, हे दुकानदाराला विचारायची गरज नाही. दांडा मात्र पक्कडीने धरू नका. क्रोमवर एक ओरखडा पडला की सील कापले जाते.

स्ट्रट खोलताना वरचा मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सैल करायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतकी ताकद असते. स्प्रिंग दाबायच्या कंप्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकीकडे जास्त आवळले की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हूक निसटतो. टोक बैठकीतल्या पायरीला टेकलेले हवे. बैठकीचे रबर, माउंटिंग आणि बेअरिंग जुने असेल तर त्याच उघड्यात बदलून घ्यावे, कारण मजुरी तीच पडते. शॉकअप साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेले असतील तर त्यांच्यावर नवी कडक स्प्रिंग घालण्यात अर्थ नाही. स्प्रिंग जितकी कडक तितकी तिची उसळी आवरणारा शॉकअप लागतो, नाहीतर गाडी प्रत्येक लाटेवर दोन-तीनदा झुलते.

एक गोष्ट चांगल्या गॅरेजातही राहून जाते. लोअर आर्मचे (चाक बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) आणि मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाके जोडणारा आडवा दांडा) सांध्यातले बुश रबराचे असतात आणि बोल्ट आवळला की रबर त्या स्थितीत चिकटल्यासारखे जखडते. गाडी लिफ्टवर, चाके लटकलेली असताना बोल्ट आवळले की गाडी खाली टेकताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. सहा महिन्यांत रबर फाटते. बोल्ट आधी नुसते लावून गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबायची आणि मग ठरलेल्या टॉर्कला आवळायचे.

अलाइनमेंट त्याच दिवशी एकदा आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर, स्प्रिंग बसल्यावर, पुन्हा. गाडीची पुढची बाजू ३० मिमी खाली आली की कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा कल, साधारण अर्धा ते एक अंश आत जातो. लोक त्यालाच घाबरतात, पण टायर खाणारा खरा चोर टो असतो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळली आहेत ते. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलला की टो सरकतो आणि टायरची आतली कड बाहेरून न दिसता तारेपर्यंत घासली जाते. म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड हाताने चाचपावी. मागे साधा बीम असेल तर तिथे या कोनांत फारसा फरक पडत नाही. हेडलाइटचा झोत पुन्हा लावायचा. फक्त मागची बाजू खाली केली असेल तर दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या वजनानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी बॉडी आणि मागच्या एक्सलमध्ये जोडलेली असते. मागची बाजू खाली आली की दांडीला वाटते गाडी भरलेली आहे, आणि रिकाम्या गाडीतही मागच्या चाकांना पूर्ण दाब जातो. पावसात जोरात ब्रेक मारला की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. लोअरिंग करणाऱ्या दहा जणांना या दांडीबद्दल विचारून पाहावे, उत्तर फार थोड्यांकडे मिळते.

आता आपल्या रस्त्यांविषयी. वाळवा-पलूसकडच्या काळ्या रानातून गेलेले रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात, त्यामुळे डांबर चांगले असले तरी पृष्ठभाग लाटांचा होतो. कडक आणि आखूड झालेल्या सस्पेन्शनला खड्ड्यापेक्षा या लाटा जास्त जड जातात, कारण त्या एकामागून एक येतात. त्यात ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडतात. मधला उंचवटा इंजिनच्या ऑइल चेंबरखाली येतो. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीकराला वेगळे सांगायला नको, पण बॉडी जेवढी खाली तेवढेच एअर फिल्टरचे तोंडही पाण्याला जवळ येते.

गतिरोधकांचा विषय प्रशासनाकडे जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत गोल गतिरोधकाचे माप दिलेले आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येची गोलाई. २४५० मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) गाडी त्यावर मधोमध आली की पोटाखालची जागा फक्त ४४ मिमी कमी होते, कारण चाकेही त्याच गोलाईवर असतात. म्हणजे मापाचा गतिरोधक बेताने लो केलेल्या गाडीलाही लागत नाही. गल्लोगल्ली रात्रीत उठणारा सहा इंच उंच आणि दोन फूट रुंद ढिगारा मात्र दोन्ही चाकांच्या मधे पूर्ण दीडशे मिमी खाऊन टाकतो. तिथे भरलेली मूळ गाडीही घासते. स्प्रिंग कापणाऱ्याला नियम दाखवताना महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी हेही माप बाळगावे.

कायद्याची स्थिती अशी: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये नियमाबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पण खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यामुळे नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत ती गाडी तपासणीला उभी राहतच नाही. पीयूसीत फक्त धूर पाहतात. मधल्या काळात गाडी दोन-तीन हातांतून जाते, आणि कापलेल्या स्प्रिंगची किंमत तिसरा मालक मोजतो. अपघात झालाच तर न कळवलेल्या बदलावरून विम्याचा दावा अडू शकतो, तोही त्याचाच.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यासाठी थोडे सविस्तर. मोबाइलचा टॉर्च लावून चाकामागून स्प्रिंगचे दोन्ही टोक पाहा. कारखान्यातून आलेल्या टोकावर रंग असतो आणि त्याचा आकार बैठकीला जुळतो. चकतीने कापलेले टोक सपाट, कडा धारदार आणि बहुधा गंजलेले असते. वेढ्यावरचे रंगाचे ठिपके किंवा पट्टे ही ओळखीची खूण आहे. ती एका बाजूला असून दुसऱ्या बाजूला नसेल तर कारण विचारा. निळसर-काळी झाक आणि जळलेला रंग दिसला की तिथे गॅस लागलेला आहे. जॅकवर चाक पूर्ण लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून पाहा. हलली तर गाडी सोडा. मडगार्डची मापे डावी-उजवी घ्या, दोहोंत १० मिमीपेक्षा जास्त फरक नको. विकणारा ‘मूळ स्प्रिंग परत टाकून देतो’ म्हणाला तरी शॉकअप, स्टॉपर, माउंटिंग आणि बॉनेटखालचा तो गोल पत्रा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण स्प्रिंग परत बदलली तरी तोवर खाल्लेले मार तिथेच राहतात.

परिवहन कार्यालयाकडे आमचे मागणे मर्यादित आहे. जुन्या गाडीचे नाव बदलताना कागदांबरोबर चार कोपऱ्यांची मापे आणि चार स्प्रिंगांचे फोटो जोडण्याची सक्ती करावी. दहा मिनिटांचे काम आहे. गॅरेजवाल्यांनी सस्पेन्शनच्या बिलावर जुने आणि नवे माप मिलिमीटरमध्ये लिहावे आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारात न घालता गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवाव्यात.

आपले,
अलाइनमेंट व सस्पेन्शनची कामे करणारे काही कारागीर,
सांगली-मिरज